सोलापूरचा जी

त्या गुरुवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये पहिल्या वर्षाचं जावाचं प्रॅक्टिकल चालू होतं. लाइट सकाळपासून ये-जा करत होती आणि मी जर्नलवर सह्या करत बसले होते. साडेअकराच्या सुमारास फिजिक्स लॅबचे नरसय्या मामा दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

मी म्हटलं, "काय मामा, चहा आणला का?"

"न्हाय मॅडम. बिराजदार सर गेले. पहाटं. झोपेतच."

मी हातातल्या जर्नलवर सही केली. त्याखालचं जर्नल उघडलं, त्यावरही केली. मागच्या रांगेतून एका मुलीनं हाक मारली, "मॅडम, आउटपुट येईना." मी उठून गेले, तिचा एक कंस राहिला होता तो दाखवला, आणि तिथंच शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

नंतर आम्ही चार-पाच जण शुक्रवार पेठेत सरांच्या घरी जाऊन आलो आणि परत स्टाफरूममध्ये येऊन बसलो. कुणीतरी म्हणालं, "पंखा बंद करायची सवय मात्र भारी होती हं सरांची," आणि जे सुरू झालं ते कॉलेज सुटेपर्यंत संपलं नाही. माणूस रोज समोर असतो तेव्हा आपल्याजवळ त्याच्या तक्रारीच असतात. पंखा बंद करतो, खडू पळवतो, शिपायासमोर आपली चूक काढतो. किस्से त्या तक्रारींच्या खाली पडून असतात, हे त्या दिवशी कळलं. माझ्या वाट्याचे दोन-तीनच असतील असं मला वाटत होतं.

* * *

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, वर्गात मराठी, चिडले की दोन्ही. फिजिक्स शिकवायचे. मी कॉम्प्युटर शिकवते. मुलं आमची दोघांची तीच, पण वीस वर्षांत आमचं बोलणं 'नमस्कार सर, नमस्कार मॅडम' याच्या पुढं गेलं नव्हतं. ओळख झाली ती भांडणातून.

एके दिवशी ते एका मुलाचं प्रिंटआउट घेऊन माझ्या लॅबमध्ये आले.

"हा प्रोग्राम कुणी दिला?"

"मी दिला सर."

प्रोग्राम क्रमांक सात. साधा दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा. दोऱ्याची लांबी टाकायची, एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते जावानं सांगायचं. मुलं लांबी टाकत होती शंभर सेंटीमीटर आणि सूत्राला हवे होते मीटर. त्यामुळे उत्तर येत होतं वीस सेकंद. त्या उत्तरावर मी तीन वर्षं सह्या करत आले होते.

"मीटरभर दोरा, आणि एका हेलकाव्याला वीस सेकंद? एवढं सावकाश आपल्या कॉलेजात फक्त पेन्शनची फाईल हलते ओ मॅडम!"

मुलं हसली. मला राग आला. मी म्हटलं, "प्रोग्राम बरोबर आहे सर. कुठंही एरर नाही."

"एरर नाही म्हणजे बरोबर? मग माझी सगळी पोरं पास की!"

दुसऱ्या दिवशी मी चूक दुरुस्त केली आणि सांगायला गेले. सर खुश झाले. म्हणाले, "आता मला शिकवा. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मला एकच प्रोग्राम लिहायचाय, पण पहिल्या अक्षरापासून माझ्या हातचा. दोऱ्याची लांबी टाकली, वीस हेलकाव्यांची वेळ टाकली, की सोलापूरचा जी यायला पाहिजे."

जी म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा. शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. मी म्हटलं, "सर, तो ९.८ आहे की."

"तो पुस्तकातला. जागा बदलली की थोडा बदलतो. सोलापूरचा तुम्ही काढलाय का?"

मी नव्हता काढला.

* * *

पहिले तीन आठवडे आम्ही एकाच ओळीवर होतो. जावाच्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला एक लांबलचक ओळ लिहावी लागते. पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन. मुलं ती डोळे मिटून टाइप करतात. सरांनी बोट उचललं आणि विचारलं, "स्टॅटिक कशाला?"

"ते पुढं कळेल सर. सध्या मंत्र समजा."

"मंत्र म्हणायला घरी पूजेला अय्या येतात. त्यांनासुद्धा मी अर्थ विचारतो."

मग मी अर्थ सांगितला. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितला होता?"

खरं सांगायचं तर मलाही कुणी सांगितला नव्हता. मीच तो आदल्या रात्री वाचून आले होते. मी तसं म्हटल्यावर सरांनी वही पुढं ओढली, शाईच्या पेनानं ती ओळ सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली पट्टीनं रेघ मारली आणि म्हणाले, "चला, म्हणजे दोघांचा पहिला धडा एकदमच झाला!"

* * *

जीपर्यंत जायच्या आधी हात बसावा म्हणून मी त्यांना सोपा प्रोग्राम दिला. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा. सूत्र त्यांना झोपेतून उठवलं तरी येत होतं: एक छेद दोन, गुणिले वस्तुमान, गुणिले वेगाचा वर्ग. त्यांनी उदाहरणाला अक्कलकोटची बस घेतली. प्रवाशांसकट वजन धरलं, वेग धरला, सूत्र जसंच्या तसं टाइप केलं आणि रन केलं.

उत्तर आलं शून्य.

त्यांनी वेग दुप्पट केला. शून्य. बसच्या टपावर पोती चढवली. शून्यच.

"मॅडम, ही गाडी भरधाव माझ्या अंगावर आली तरी मला काहीच होत नाही का?"

मी समजावलं. जावात पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की अपूर्णांक गळून पडतो. एक भागिले दोन म्हणजे अर्धा नाही, शून्य. पुढं कशानंही गुणा, शून्यच राहणार.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. नरसय्या मामा काहीतरी द्यायला आले होते, ते मागं उभे होते. ते म्हणाले, "असं कसं सर? अर्धी भाकरी म्हंजे पण भाकरीच की!"

"बघा!" सर माझ्याकडे वळले. "नरसय्याला कळतं. तुमच्या जावाला कळत नाही."

मी सुचवलं, एक छेद दोनच्या जागी शून्य पूर्णांक पाच लिहा. ते ऐकेनात. सूत्रात एक छेद दोन आहे, तर एक छेद दोनच राहणार. शेवटी एकच्या पुढं टिंब आणि शून्य द्यायला कसेबसे तयार झाले. बस धावली. तिची ऊर्जा बघून सरांनी मामांना सांगितलं, "आता बाजूला हो रे. आता लागंल."

* * *

हा किस्सा मामांचा. मामा शहराबाहेर कुंभारीच्या घरकुलात राहतात. घरात तेलुगू, वडील मागावर विणकर होते, हे मात्र तरुणपणीच आमच्या कॉलेजात चिकटले. फिजिक्स लॅबमधल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर त्यांना पाठ आहे आणि ते त्यांनी कुठल्याच मुलापासून लपवलेलं नाही.

आमच्याकडे, आणि मला वाटतं सगळीकडेच, दोलकाचा प्रयोग उलटा होतो. मुलं आधी उत्तर लिहितात, ९.८. मग त्याला शोभतील अशा वेळा बसवतात. दोलकाला हात लावायची गरजच पडत नाही. सरांचा सगळा जन्म या जुळवाजुळवीशी भांडण्यात गेला. कुणी नेमका ९.८ आणला की त्यांचा चेहरा पडायचा आणि कुणी ९.५ आणला की ते चहा पाजायचे.

मामा सांगत होते, "एकदा सरांनी काय केलं, मलाच सकाळी लवकर बोलावलं. आठ दोलक लावले. सगळ्यांवर पाटी लावली, लांबी शंभर सेंटीमीटर. आणि दोरे बांधले ऐंशीचेच! पोरांना म्हणले, आज वेळ कमी हाय, लांबी मी मोजलीया, तुमी फक्त हेलकावे मोजा."

दोरा आखूड, म्हणजे हेलकावे भराभर. खरोखर मोजलं तर उत्तर बाराच्या वर जायला हवं होतं.

"सात ग्रुप आले, मॅडम. ९.८, ९.८, ९.७९. एकानं तर ९.८१ आणला. सर नुसते मान हलवायलेत. मग ती माढ्याकडची पोरगी आली, सुवर्णा. वही दाखवंना. डोळ्यात पाणी. म्हणती, सर, माझा लई चुकलाय, बारा पॉइंट दोन येतोय, चारदा केलं तरी येतोय."

सरांनी तिची वही घेतली, सगळ्या वर्गासमोर धरली आणि म्हणाले, "सात जणांचं उत्तर बरोबर आहे. प्रयोग फक्त हिनं केलाय!"

मामांना तो दिवस वेगळ्याच कारणानं लक्षात आहे. सर त्यांना नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "नरसय्या, पोरांना उत्तर तू सांगतोस ना?" मामा म्हणाले, "व्हय सर, पण कुणाला कमी-जास्त न्हाय, सगळ्यांना सारखं!"

* * *

त्यानंतरच्या एका वर्षी सर हातात जर्नलांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आले, ते उड्या मारतच. "यंदाची बॅच बघा! ९.७६, ९.८३, ९.७१, ९.८८. एकाचाही नेमका ९.८ नाही. सगळ्यांनी दोलक हलवलाय!" कोपऱ्यावरून त्यांनी सगळ्यांना भजी मागवली. आम्ही खाल्ली.

चौथ्या दिवशी तोच गठ्ठा घेऊन ते माझ्याकडे आले. उड्या नव्हत्या. त्यांना दोन वेगवेगळ्या तुकड्यांतल्या दोन मुलांची रीडिंग शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी सापडली होती. मग तिसरा. मग अकरा जण.

चौकशी फार करावी लागली नाही. सरांच्याच पेठेतला ओंकार नावाचा मुलगा होता. त्यानं जावात प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की लांब्या, वेळा, सरासरी, सगळा तक्ता तयार. आणि संशय येऊ नये म्हणून प्रत्येक रीडिंगमध्ये बारीकशी चूकसुद्धा प्रोग्रामच घालत होता. फक्त त्याच्याकडच्या चुका ठरावीकच होत्या, त्याच फिरून फिरून येत होत्या, तिथं तो सापडला. प्रोग्राम वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता.

ओंकारला माझ्या लॅबमध्येच बोलावलं. तो खाली मान घालून उभा.

"कुणी लिहिला?"

"मी, सर."

"एकट्यानं?"

"हो सर."

"मॅडमनी हात लावला? मित्रांनी? कुठून उतरवला?"

"नाही सर. खरंच मीच लिहिलाय."

मला वाटलं आता कानडी सुरू होणार. सर म्हणाले, "दीड वर्ष झालं, मला अजून जमलं नाही रे."

मग त्यांनी त्याच्या जर्नलवर लाल पेनानं शून्य काढलं, भलं मोठं, आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. "हे झालं फिजिक्सचं. आता बस. तुझा तो फॉर लूप कसा फिरतो ते मला सांग."

* * *

एक किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला नाही.

कॉलेजला तपासणीची समिती यायची होती. माझ्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि सर शेजारी बसून एका बोटानं टाइप करत होते. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "आता हे लाल का झालं?" पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांचा कीबोर्ड माझ्याकडे ओढला, चार ओळी सरळ केल्या, रन केलं आणि म्हटलं, "झालं सर. चालतोय."

ते म्हणाले, "हो, चालतोय." धन्यवाद म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर फाईल कोरी. फक्त वरची ती लांबलचक ओळ.

"सर, कालचा प्रोग्राम कुठं गेला?"

"तो तुमचा होता मॅडम," असं म्हणून त्यांनी एक बोट उचललं आणि दुसरी ओळ सुरू केली.

* * *

निवृत्तीचा दिवस आला. प्रोग्राम झाला नव्हता.

निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, "बिराजदार सरांचा उत्साह बघा. या वयात त्यांनी जावा शिकून घेतली!" टाळ्या पडल्या. सर खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, "नाही ओ सर, खोटं आहे. अजून येत नाही!" आणि बोलायला उभे राहिले तेव्हा भाषणाऐवजी परवानगी मागितली, दर शनिवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसायची. भरसभेत प्राचार्य नाही कसं म्हणणार?

अर्ध्या तासानं शाल आणि नारळासकट ते माझ्या लॅबमध्ये हजर. मी म्हटलं, "सर, आज तरी घरी जा. काकू वाट बघत असतील." नारळ कीबोर्डशेजारी ठेवत म्हणाले, "तिला सांगून आलोय, क्लास आहे."

काकूंनी परवा एक सांगितलं. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालायचे. एकदा त्या म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवायला जाताना कधी इस्त्री मागितली नाही, आता कशाला? तर म्हणाले, "मास्तर चुरगळलेला चालतो. पोरगं नीटनेटकं पाहिजे."

कॉलेजच्या गेटवर आता वही असते. बाहेरच्या माणसानं नाव, वेळ आणि कामाचं कारण लिहायचं. नवा वॉचमन सरांना ओळखत नव्हता. त्यानं पहिल्याच शनिवारी वही पुढं केली. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही त्या वॉचमनवर ओरडायला गेलो. त्यानं वही दाखवली. सगळ्या शनिवारी तेच सुंदर अक्षर. नाव: बिराजदार. वेळ: दोन. कारण: विद्यार्थी.

* * *

शेवटच्या शनिवारी ऊन फार होतं. लॅबमध्ये आम्ही दोघंच. सर टाइप करत होते, मी पेपर तपासत होते. नेहमीसारखं "हे लाल का झालं?" आलं नाही, म्हणून मी वर बघितलं. स्क्रीनवर लाल काही नव्हतं.

"एरर नाही," सर हळूच म्हणाले.

मी उठून गेले. हात मागं बांधून सगळ्या ओळी वाचल्या. लांबी घेतली होती, मीटरमध्ये. वीस हेलकाव्यांची वेळ घेतली होती, वीसनं भागली होती, आणि वीसच्या पुढं आठवणीनं टिंब आणि शून्य होतं. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, "रन करा सर."

त्यांनी रन केलं. काळ्या पडद्यावर अक्षरं आली: दोऱ्याची लांबी द्या.

मला फार आनंद झाला होता. मी म्हटलं, "एक टाका सर. आणि वेळ विचारली की चाळीस टाका."

"कुणाची?"

"म्हणजे?"

"चाळीस सेकंद कुणी मोजलेत?"

"कुणीच नाही सर. चालतोय का ते बघायला. टेस्टला कुठलेही आकडे चालतात."

सरांनी कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "बत्तीस वर्षं पोरांना नको म्हणत आलो. आता माझ्याच प्रोग्रामात पहिला आकडा खोटा घालू?"

ते उठले आणि फिजिक्स लॅबकडे गेले. कुलूप होतं. किल्ली मामांकडे आणि मामा अर्धा दिवस भरून कुंभारीला गेलेले. मी फोन लावला. मामा म्हणाले, "येतो की मॅडम, अर्ध्या तासात. गाडी काढतो." सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "नको रे, उन्हाचा येऊ नको. पुढच्या शनिवारी आहेच की."

मी म्हटलं, "सर, आता मामांकडून किल्ली मागून माझ्याकडेच ठेवते. शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? सोमवारी तुम्ही एकटेसुद्धा येऊन करू शकता. वीस हेलकावे तर मोजायचेत."

"एकट्यानं नाही जमत मॅडम. हेलकावे मोजणाऱ्यानं घड्याळ बघायचं नसतं. बघितलं की मन ९.८ कडं ओढतं. आपल्याला कळतसुद्धा नाही." ते वही पिशवीत घालत होते. "दोरा मी लावीन, हेलकावे मी मोजीन. घड्याळ तुम्ही धरायचं, आणि मला दाखवायचं नाही."

"बरं सर."

"आणि हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

जाताना दारातून मागं वळून त्यांनी पंखा बंद केला. मी आत बसलेलीच होते.

त्या गुरुवारनंतर मामांनी मला दोनदा विचारलं, रीडिंग घ्यायचं का. एकदा किल्ली घेऊन लॅबमध्येच आले. म्हणाले, "मीटरभर दोरा लावून ठिवलाय मॅडम, नीट मोजून. तुमी हेलकावे मोजा, घड्याळ मी धरतो की."

सरांची फाईल सात नंबरच्या मशीनवर आहे. रीडिंग अजून घेतलेलं नाही.